प्राणिसंग्रहालयात ६०० मिमीला फोटो सॉफ्ट येतोय? लेन्स विकायला काढण्याआधी हे बघा

उन्हाळ्याची सुट्टी संपली की साताऱ्यात, कराडात, सांगलीत कॅमेरेवाल्यांची एकच तक्रार ऐकू येते. नवी दीडशे-सहाशे (१५०-६०० मिमीची झूम लेन्स) घेतली, पोरांना घेऊन कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेलो, वाघ समोर बसला होता, भरपूर फोटो काढले; आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडून बघतो तर एकही धड शार्प नाही. मिशा दिसत नाहीत, केस सुटे दिसत नाहीत, सगळं पिठाळ. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "आपल्याला लेन्सच खराब आली बहुतेक." मग कोणी ती विकायला काढतो, कोणी सर्व्हिसला टाकतो. पुढच्या खेपेला दुसरी लेन्स घेऊन जातात आणि पुन्हा तेच घडतं.

लेन्स खराब असू शकते, नाही असं नाही. पण ते सगळ्यात शेवटी तपासायचं. प्राणिसंग्रहालयात लेन्स आणि प्राणी यांच्यामध्ये तापलेली हवा असते, जाळी असते, कुठे जाड काच असते. त्यात सहाशे मिमी हातात धरलेली. यातलं प्रत्येक कारण फोटो वेगळ्या तऱ्हेने बिघडवतं, आणि फोटो नीट न्याहाळला तर कोणी बिघडवला ते बहुतेक वेळा कळतं. म्हणून आधी फोटो वाचा, मग सेटिंग बदला. सगळी सेटिंगं एकदम बदलली की कशाने काय सुधारलं तेच कळत नाही.

त्याआधी एक फालतू वाटणारी गोष्ट. मला "बघा ना किती सॉफ्ट आहे" म्हणून फोटो येतात ते व्हॉट्सॲपवर. व्हॉट्सॲप फोटो लहान करतं आणि दाबतं. वाघाचे केस तिथेच गेलेले असतात. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठी करून बघा. काही तक्रारी तर इथेच मिटतात.

फोटोत काय शोधायचं

प्राण्याच्या डोळ्यात आभाळाचा किंवा उन्हाचा जो पांढरा ठिपका असतो, तिथून सुरुवात करा. ठिपक्याची रेघ झाली असेल, आणि आजूबाजूचं गवत, दगड सगळंच त्याच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल, तर कॅमेरा हलला. दगड शार्प आणि फक्त डोकं पुसट असेल तर प्राणी हलला. डोळा मऊ पण पुढचं गवत किंवा मागची भिंत खणखणीत, म्हणजे फोकस चुकला. सगळा फोटो करडा, धुवट, आणि मागच्या पानांच्या कडा दुहेरी दिसतात, तर जाळी. कडेला एका बाजूने सावलीसारखी दुसरी कड उमटली असेल तर काच. आणि एकाच बर्स्टमधल्या, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेल्या, दहा फोटोंपैकी प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी बिघडला असेल, एकात कान वाकडा, दुसऱ्यात कान ठीक पण पट्टे लहरी, तर ती हवा.

कॅमेऱ्याची एवढी चर्चा चालते, पण हवेबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून तिथूनच सुरू करतो.

हवा

जमीन तापली की तिच्यालगतची हवा गरम होऊन वर चढते, वरची थंड हवा खाली येते. गरम आणि गार हवेची घनता वेगळी, त्यामुळे त्यातून जाणारा प्रकाश थोडा थोडा वाकतो आणि दर क्षणाला वेगळा वाकतो. नुसत्या डोळ्यांना हे फारसं जाणवत नाही. सहाशे मिमी मात्र ती थरथर प्राण्याबरोबरच मोठी करून दाखवते. तापलेल्या तव्यापलीकडचं भांडं जसं हलताना दिसतं, तसाच पन्नास मीटरवरचा सांबर.

खात्री करायची असेल तर साताऱ्यातच करता येते. अजिंक्यताऱ्यावरच्या दूरदर्शनच्या टॉवरवर गच्चीवरून लेन्स लावा. पहाटे सूर्य वर यायच्या आत एक फोटो, आणि एप्रिलात दुपारी एकला त्याच जागेवरून दुसरा. पहाटेच्या फोटोत टॉवरच्या तिरक्या पट्ट्या एकेक करून मोजता येतात. दुपारच्या फोटोत त्याच पट्ट्या सापासारख्या वळवळतात, आणि दोन पातळ पट्ट्या जवळजवळ असतील तर एकमेकींत मिसळून जातात. लेन्स तीच, ट्रायपॉड तोच. बदलली ती मधली, शहराच्या पत्र्यांवरून आणि स्लॅबवरून उठणारी हवा.

जागेवर ओळखायची रीत याहून सोपी. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर चित्र दाखवणारी सोय) चालू करा, दहा पट मोठं करा आणि काही सेकंद न हलता बघत राहा. चित्र पाण्याखाली असल्यासारखं हलत असेल तर स्टॅबिलायझर, ट्रायपॉड, महागडी लेन्स, कशाचाही उपयोग नाही. शटर स्पीड वाढवून ती लहर फक्त गोठते. वाकडा कान वाकडाच राहतो, एवढंच की तो स्पष्टपणे वाकडा दिसतो. एडिटिंगमध्ये शार्पनिंग ओढलं तर आणखी विद्रूप.

उपाय म्हणजे अंतर कमी करणं आणि वेळ बदलणं. दूरचा वाघ सोडा, जवळ बसलेलं माकड घ्या. जमिनीला समांतर बघण्यापेक्षा उंचावरून खाली बघणाऱ्या जागा निवडा. नजर तापलेल्या थरातून कमी जाते. मातीचं उघडं मैदान आणि सिमेंटच्या वाटेपेक्षा गवताचा, झाडाखालचा कोपरा बरा. ढगाळ दिवस आणि पावसाची सर पडून गेल्यानंतरचा तास म्हणजे पर्वणीच. आणि बर्स्ट मारा. हवा मधूनच क्षणभर स्थिर होते, दहातला एखादा चांगला निघतो. तो एक ठेवायचा, बाकीचे उडवायचे, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही.

कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सूर्योदयाला कोणी आत घेत नाही, त्यामुळे पहाटेची हवा आपल्याला मिळतच नाही. तिकीट खिडकी उघडताच आत शिरायचं आणि लांबच्या, खंदकापलीकडच्या प्राण्यांकडे आधी जायचं. साप, मगरी, जवळचे पक्षी दुपारसाठी ठेवायचे. घरचे लोक सहसा उलट क्रमाने फिरतात, तेव्हा हे घरी आधी मान्य करून घ्या. आणि बुधवारी उद्यान बंद असतं. खंबाटकीचा बोगदा ओलांडून गेल्यावर हे कळलेलं बरं नव्हे.

हवेचाच आणखी एक प्रकार आपण स्वतः साताऱ्याहून घेऊन जातो. दोन तास गाडीत एसी लावलेला, बॅगेतली लेन्स गार पडलेली. पार्किंगमध्ये उतरून लगेच हूड लावून सुरू केलं की गार नळी आणि बाहेरची गरम हवा यांचा खेळ लेन्सच्या तोंडाशीच, हूडच्या आत चालू होतो. पहिला अर्धा तास सगळं मऊ येतं आणि नंतर आपोआप सुधारतं. मालक मात्र समजतो की आपलं सेटिंग बसलं. पावसाळ्यात तर काचेवर सरळ बाष्प धरतं. खेड शिवापूरचा टोल गेला की एसी बंद करा, काचा खाली घ्या. बॅग उघडू नका, बंद बॅगेतच लेन्सला बाहेरच्या हवेच्या बरोबरीला येऊ द्या.

जाळी

जाळीबद्दल दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणजे "मोठी लेन्स लावली की जाळी गायब होते". दुसरा, "जाळीतून फोटो निघतच नाही". दोन्ही अर्धवट.

६०० मिमी एफ/६.३ म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड सुमारे ९५ मिमी रुंदीचं. त्याच्या अगदी पुढ्यात तीन मिमी जाडीची तार आली तरी ती तोंडाचा लहानसाच भाग झाकते, उरलेल्या भागातून प्राणी दिसतोच. मोबाईलच्या लेन्सचं तोंड काही मिमीचं, तिथे तीच तार सगळं झाकून टाकते. म्हणून मोबाईलमध्ये जाळी ठसठशीत आणि तुमच्या कॅमेऱ्यात नाहीशी. पण नाहीशी म्हणजे विरघळलेली. ती फोटोभर पसरलेली असतेच. त्या तारेवर ऊन पडलं असेल तर तिचा उजेडही फोटोभर पसरतो आणि वाघ पांढुरक्या पडद्याआडून पाहिल्यासारखा दिसतो. हा "सॉफ्ट" फोकसचा नव्हे, काँट्रास्टचा.

म्हणून जाळीपाशी पहिला प्रश्न: ऊन कुठल्या बाजूने आहे? तारेवर सावली असलेला भाग शोधा, एखाद्या खांबाची किंवा झाडाची सावली पुरते. सावली नसेल तर बरोबरच्या माणसाला उन्हाच्या बाजूला उभं करा, त्याची सावली लेन्ससमोरच्या जाळीवर पडू दे. हसू येईल, पण करून बघा. नव्या, चकचकीत पत्र्याच्या रंगाच्या जाळीवर फरक सगळ्यात जास्त दिसतो. गंजलेली किंवा काळी रंगवलेली जाळी आपल्या बाजूची.

दुसरी गोष्ट अंतरांची. तुम्ही जाळीला जितके जवळ आणि प्राणी जाळीपासून जितका लांब, तितकं चांगलं. ॲपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड) पूर्ण उघडं, झूम पूर्ण पुढे. एफ/११ ला नेऊ नका, तारा परत दिसू लागतात. जाळीच्या अलीकडे रेलिंग असेल तर ते ओलांडायचं नाही. रेलिंगवर वाकून लेन्स आत घालणारे मी पाहिले आहेत आणि त्यांना ओरडणारे रखवालदारही. रखवालदाराची बाजू बरोबर असते. प्राणी जाळीला चिकटून बसला असेल तर तो फोटो होणार नाही. थांबा. तो उठतो, फिरतो, बरेच प्राणी एकाच ठरलेल्या वाटेवर येरझारा घालतात. त्या वाटेचा जाळीपासून लांबचा टोकाचा वळसा हेरून ठेवा. तिथे तो वळताना क्षणभर मंदावतोही.

मागच्या बाजूलाही जाळी असते, तिची मात्र फार काळजी नको. पण मागे पानांतून चमकणारं ऊन असेल तर पुढच्या जाळीमुळे त्या चमकत्या ठिपक्यांत चौकडी उमटते. मागे गडद सावली येईल अशी जागा घ्या, चौकडी जाते.

मुद्दा जाळीचाच आहे की नाही याची शंका असेल तर एक सोय आपल्या भागात आहे. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर अभयारण्य. माणसांनी लावून वाढवलेलं जंगल, १०.८७ चौरस किमी, १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं. कुंपण सगळ्या अभयारण्याला आहे आणि आपण त्याच्या आत असतो, त्यामुळे चितळ, सांबर, काळवीट आणि तुम्ही यांच्यात जाळी येत नाही. हिवाळ्यात सकाळी लवकर जा. तिथले फोटो शार्प आणि कात्रजचे धुवट, तर लेन्स निर्दोष सुटली.

काच

काचेचं थोडक्यात. लेन्स काचेला काटकोनात धरा. जाड काचेतून तिरकं बघितलं की प्रतिमा दुहेरी होते, आणि लांब लेन्सला हे जास्त जाणवतं. लहान लेन्स असेल तर रबरी हूड काचेला टेकवा. पाठीमागचं ऊन आणि तुमचा पांढरा शर्ट काचेत दिसतो. गडद कपडे घाला. काच आतून खराब असेल, ओरखडे असतील, तर सहाशे मिमी बॅगेत ठेवा आणि डोळ्यांनी वाघ बघा. फ्लॅश कुठेच नाही, आणि काचेवर टकटक करणाऱ्या पोरांना, मग ती आपली असली तरी, आवरा.

हलणं

जुना नियम सगळ्यांना पाठ असतो: जितके मिमी, शटर सेकंदाच्या तितकाव्या भागाचं. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) दीडपट धरायचं हे मात्र विसरतात. ६०० मिमी म्हणजे ९०० मिमीचं दृश्य, म्हणजे १/१००० सेकंद ही किमान सुरुवात. "पण स्टॅबिलायझर आहे ना?" आहे, आणि तो तुमचा हात सावरतो. वाघाचा श्वास, हरणाचा कान, माकडाचं खाजवणं तो थांबवत नाही. झोपलेल्या सिंहाला १/२५० चालेल, चरणाऱ्या चितळाला नाही.

स्टॅबिलायझरच्या दोन सवयी. बटण अर्धवट दाबल्यावर त्याला स्थिर व्हायला अर्धा सेकंद लागतो. झटकन पूर्ण दाबलं की सुरुवातीचाच धक्का फोटोत येतो. आणि पक्क्या ट्रायपॉडवर तो बंद करा. झूमध्ये ट्रायपॉड चालतो का ते गेटवर विचारा. गर्दीत तो अडचणच करतो, मोनोपॉड पुरे. डावा हात लेन्सच्या पायाखाली न धरता पुढे, हूडच्या जवळ खालून धरा. फरक लगेच दिसतो.

आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवायला लोक घाबरतात आणि १/२०० वर अडून बसतात. आयएसओ १६०० चा दाणेदार पण शार्प फोटो सुधारता येतो, हललेला सुधारत नाही. उलट अस्वल, गवा असे काळे प्राणी अंधारे काढून नंतर उजळले की केसांचा लगदा होतो आणि तोही "लेन्स सॉफ्ट" च्या खात्यावर जमा होतो. काळ्या अंगाला तिथल्या तिथे उजेड पुरेसा द्या. पांढऱ्या वाघाला उलट, जरा कमी.

फोकस

६०० मिमी, एफ/६.३, प्राणी १० मीटरवर. क्रॉप सेन्सरवर शार्प दिसणारी खोली किती? सुमारे ७ सेंमी. वाघाच्या नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यापर्यंतचं अंतर त्याहून जास्त. म्हणजे ऑटोफोकसने नाक पकडलं तर डोळा जाणारच, आणि यात कोणाचीच चूक नाही. प्राणी २० मीटरवर गेला की तीच खोली चौपट, साधारण २८ सेंमी होते. म्हणून जवळच्या प्राण्याला झूम थोडं मागे घ्या. फोकसचा एकच ठिपका वापरा, डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्याला सगळ्या चौकटीतून निवडू दिलं तर तो सगळ्यात जवळचं पकडतो, आणि झूमध्ये सगळ्यात जवळची असते जाळी.

जाळीपाशी फोकस पुढे-मागे धावत राहिला तर आधी हाताने रिंग फिरवून प्राणी अंदाजे स्पष्ट करा, मग बटण दाबा. सिग्माच्या आणि टॅमरॉन जी-टूच्या दीडशे-सहाशेंवर फोकसची हद्द ठरवणारं बटण असतं, त्यात "१० मीटर ते अनंत" निवडलं की जाळी हद्दीबाहेर जाते. पण हेच बटण नंतर विसरलं जातं. मग सहा मीटरवरच्या मोरावर फोकस बसत नाही आणि "ऑटोफोकस गेला" अशी नवी तक्रार सुरू होते. तसंच किमान अंतराचं. सिग्माची कंटेम्पररी २.८ मीटरच्या आत फोकस करतच नाही, टॅमरॉनची जी-टू २.२ मीटरच्या आत. काचेला नाक लावून बसलेल्या बिबट्यासाठी दोन पावलं मागे या.

आता लेन्स

एवढं सगळं बघूनही शंका उरली तर घरी तपासा. समोरचा स्वस्तातला फिल्टर काढून ठेवा. कधी कधी तपासणी इथेच संपते. सावलीतल्या भिंतीवर वर्तमानपत्राचं एक पान सपाट चिकटवा, दहा मीटरवर ट्रायपॉड लावा. क्रॉप सेन्सरवर ६०० मिमीला तेवढ्या अंतरावरून सुमारे ४० सेंमी रुंदी चौकटीत येते, म्हणजे जवळजवळ ते पानच. सकाळची वेळ, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. एक फोटो ऑटोफोकसने, एक लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने फोकस करून.

दोन्हीत बारीक अक्षरं वाचता आली तर लेन्स चांगली आहे, वाद संपला. हाताने केलेला शार्प आणि ऑटोफोकसचा मऊ आला तर डीएसएलआरमध्ये फोकस थोडा पुढे-मागे पडतोय. बॉडीच्या मेनूत किंवा लेन्सच्या डॉकने (लेन्स कॉम्प्युटरला जोडायच्या उपकरणाने) तो जुळवता येतो. मिररलेसमध्ये ही भानगड सहसा नसते. दोन्ही फोटोंत पानाची एकच बाजू कायम पुसट आणि दुसरी स्वच्छ असेल, तर आधी कॅमेरा भिंतीला सरळ होता ना हे बघा. मग पान उलटं लावून पुन्हा काढा. चौकटीची तीच बाजू पुसट राहिली तर आतली काच सरकलेली असू शकते.

पाटण, कोयना, महाबळेश्वरकडच्यांनी आणखी एक बघावं: टॉर्च मागून मारून लेन्समध्ये डोकवा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे. पावसाळाभर कपाटात पडलेल्या लेन्सला ती धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल एवढ्याने ती टळते.

सर्व्हिसला टाकायची वेळ आलीच तर पानाचे ते दोन्ही फोटो मूळ फाइलमध्ये बरोबर द्या आणि फॉर्मवर "सॉफ्ट येतो" एवढंच लिहू नका. कुठल्या मिमीला, किती अंतरावर, चौकटीची कुठली बाजू, हे लिहा. नाहीतर लेन्स वरून पुसून, "तपासली, ठीक आहे" असा शेरा मारून परत येते, आणि कुरियरचा खर्च आपला.